कागदाविना विश्वास कुणाच्या सोयीचा?



"आपल्यात कागद कशाला? विश्वासावर चाललंय." खोली किंवा फ्लॅट भाड्यानं देताना हे वाक्य आपल्या घरांतून फार सहज निघतं. आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. भाड्याचा करार लिहिणं, तो नोंदवणं, भाड्याची पावती देणं आणि घेतलेली अनामत परत करणं हे सगळं मालकाचं काम आहे. कायदा तेच सांगतो, आपली व्रतंही तेच सांगतात. आणि घर आपल्या नावावर असेल तर हे काम आपल्या नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही, एजंटचंही नाही. ते आपलं आहे.

हे मी बायकांसाठी लिहितेय त्याला कारण आहे. वडूज हे तालुक्याचं ठिकाण. तहसील, कोर्ट, पंचायत समिती, बँका, शाळा. बदलीवर आलेला माणूस सामान ठेवायच्या आधी खोली शोधतो. माडीवरच्या दोन खोल्या, मागची पडवी, दुकानावरचा मजला असं काही ना काही आपल्यापैकी बऱ्याच जणींकडे भाड्यानं दिलेलं आहे. शिवाय गेल्या पंधरा-वीस वर्षांत घरोघरी पुण्यात नाहीतर साताऱ्यात एक फ्लॅट झाला. तो बऱ्याचदा आपल्या नावावर घेतला जातो, कारण घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. चाळीस लाखांच्या फ्लॅटवर चाळीस हजार रुपये वाचतात. चांगलंच आहे. पण त्या सवलतीबरोबर मालकीणपणही आपल्या नावावर आलं, हे आपल्याला कुणी सांगितलं का? फ्लॅट कुणाला दिला, किती भाड्यानं दिला, करार केला की नाही, हे आपल्यातल्या किती जणींना नीट माहीत आहे?

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. याचं कलम ५५ प्रत्येक मालकिणीनं एकदा वाचावं, फार मोठं नाही. ते म्हणतं की भाड्यानं किंवा लिव्ह अँड लायसन्सनं जागा देण्याचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि असा करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो.

म्हणजे बघा. आपण "भाडेकरूचा काय भरवसा" म्हणून कागद टाळतो आणि कायद्यासमोर आपलीच बाजू लुळी करून ठेवतो.

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" असं तुम्हाला एजंट सांगेल, शेजारीण सांगेल, एखादा वकीलसुद्धा सांगेल. हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला. त्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. पण आपल्या राज्याच्या कलम ५५ ला महिने दिसत नाहीत. करार अकरा महिन्यांचा असो की तेहतीसचा, तो नोंदवायचा. आणि पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारून आणला म्हणजे नोंदणी झाली असं नाही. नोटरी वेगळी, दुय्यम निबंधकाकडची नोंदणी वेगळी.

"पण खर्च किती येतो!" मी बी.कॉम. झालेली आहे, संसारात पडले तरी आकडेमोड सुटली नाही. चला, मांडू. पुण्यात बारा हजार रुपये भाडं, पन्नास हजार अनामत, बारा महिन्यांचा करार. वर्षाचं भाडं १,४४,०००. परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते ५,०००. बेरीज १,४९,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे पावणेचारशे रुपयांच्या आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार. ऑनलाइन घरबसल्या केलं तर किरकोळ कागदपत्र शुल्क आणि करून देणाऱ्याची मजुरी. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला तर एका लग्नाच्या आहेरापेक्षा कमी होतो. यासाठी आपण तीन महिन्यांच्या कैदेची जोखीम घेतो, याला मी व्यवहारचातुर्य म्हणणार नाही.

"घर बळकावलं तर?" ही भीती मात्र खरी होती, तिची टिंगल मी करणार नाही. आपल्या सासूबाईंच्या पिढीनं ती सोसली आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. महागाई कुठल्या कुठे गेली आणि वाड्याचं भाडं तिथंच राहिलं. दुरुस्तीला पैसे नाहीत, भाडेकरू निघत नाही, वाडा पडतोय, अशी गत सगळीकडे झाली. त्यात १९७३ साली दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते ते एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. तेव्हापासून "कागद केला की माणूस चिकटला" हे वाक्य घराघरांत रुजलं.

पण त्यानंतर पन्नास वर्षं उलटली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग १९९९ चा कायदा आला. जुन्या भाडेकरूच्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. आणि आपल्या कामाचं म्हणजे कलम २४. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्यानं घर सोडायचं. नाही सोडलं तर मालकानं दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालायची गरज नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर राहिला तर दुप्पट दरानं पैसे भरावे लागतात. आणि या कामात लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा मानतात. म्हणजे पूर्वी ज्या कागदाला आपण भ्यायलो तोच कागद आज आपल्याला घर परत मिळवून देतो. भीती १९७३ ची आणि घर आजचं, असं करून चालणार नाही.

कायदा लागू असलेल्या गावांच्या याद्या त्याला जोडलेल्या आहेत, पुणं-सातारा त्यात आहेतच. पण आमच्या वडूजच्या माडीवरच्या खोलीला मी वेगळा नियम लावत नाही. यादीत कुठलं गाव आहे त्यावर माझं व्रत अवलंबून नाही. तीच खरी गोष्ट आता बोलायची आहे.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो. त्यात पाच व्रतं आणि प्रत्येक व्रताचे पाच पाच अतिचार आहेत. मंदिरात आपण ते तालात म्हणतो. घरी येऊन भाड्याच्या वहीवर ते लावून कधी पाहिलेत का?

सत्य व्रताचा एक अतिचार आहे कूटलेखक्रिया. खोटा लेख करणं. आता हे ऐका. ठरलेलं भाडं बारा हजार, करारात लिहिलं सात हजार, वरचे पाच हजार रोख. दर महिन्याला, पाच तारखेला, पाकिटातून. याला दुसरं काय नाव देणार? अचौर्य व्रताचा अतिचार विरुद्धराज्यातिक्रम. राज्याचा नियम चुकवून व्यवहार करणं. भाडेकरू म्हणतो, "काकू, मला ऑफिसात घरभाड्याची सवलत घ्यायची आहे, पावती आणि तुमचा पॅन नंबर द्या." वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर त्याला मालकाचा पॅन द्यावाच लागतो. आणि आपण म्हणतो, "पॅन-बिन काही मिळणार नाही, पटत असेल तर राहा." आपला कर वाचावा म्हणून त्याचा हक्क बुडवतो. पावती देणं तर कायद्यानंच मालकावर टाकलंय.

आणि तो कर तरी किती असतो? पुन्हा मांडू. वर्षाचं भाडं १,४४,०००. त्यातून भरलेली घरपट्टी वजा होते. उरलेल्यातून तीस टक्के दुरुस्ती वगैरेसाठी सरळ वजा, बिलं दाखवावी लागत नाहीत. म्हणजे घरपट्टी धरली नाही तरी हिशेबात येतात १,००,८०० रुपये. ज्या गृहिणीला दुसरं मोठं उत्पन्न नाही, तिला यावर बहुतेक वेळा एक रुपयाही कर बसत नाही. घर नवऱ्याच्या पैशातून मोबदल्याशिवाय आपल्या नावावर आलं असेल तर ते उत्पन्न त्यांच्याकडे धरतात, हे मात्र लक्षात ठेवा आणि सीएंना विचारा. पण शून्य कर वाचवायला खोटा कागद करणं, ही कमाई कुठल्या खात्यात लिहायची?

सगळ्यात वाईट गोष्ट अनामतीची. सत्य व्रताचाच आणखी एक अतिचार आहे न्यासापहार. न्यास म्हणजे ठेव. टीकाकारांनी त्याचा अर्थ असा दिला आहे की ठेव ठेवणारा विसरून कमी मागतो, आणि सांभाळणारा "हो, तेवढीच होती" म्हणून कमीच देतो. आचार्यांनी हा दोष चोरीत नाही ठेवला, असत्यात ठेवला. कारण इथं तिजोरी कुणी फोडत नाही. तोंडानं एक वाक्य बोललं की काम होतं.

आमच्या धाकट्या लेकीनं आणि जावयांनी पुण्यात दोन वर्षं भाड्यानं काढली. मालकीणबाई आपल्याच समाजातल्या, दशलक्षणात दहा उपवास करणाऱ्या. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. साठ हजार अनामत दिली होती. घर सोडताना हातात आले अडतीस. रंगाचे पंधरा कापले, सफाईचे सात. बिल एकाचंही नाही. मुलीनं विचारलं तर उत्तर आलं, "बेटा, सगळीकडे असंच असतं." मुलगी मला म्हणाली, "आई, सोड. नवीन घराचं डिपॉझिट भरायचंय, भांडायला वेळ कुठाय?" भाडेकरू कमी मागतो तो विसरतो म्हणून नाही. तो दमलेला असतो, त्याचं सामान टेम्पोत चढलेलं असतं, त्याला पुढचं भाडं भरायचं असतं. त्याच्या त्या अडचणीच्या घडीला आपण कमी देतो. न्यासापहार याहून वेगळा नाही.

दोन वर्षं माणूस राहिला की भिंत मळणारच. त्याचंच तर आपण भाडं घेतलं. फुटलेली काच, मोडलेला नळ, थकलेलं वीजबिल हे जरूर कापा, पण बिल दाखवून. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत नको आणि घर ताब्यात घेताना देणी वजा करून ती परत द्या असं म्हटलंय. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण चांगली गोष्ट करायला सरकारी परिपत्रकाची वाट आपण कधीपासून पाहायला लागलो? रात्रीभोजनत्याग काय राजपत्रात छापून आला होता?

आता नाजूक विषय. अहिंसा हे आपलं पहिलं व्रत. माझ्या घरात मांस, मासे, अंडी शिजू नयेत असं मला वाटतं आणि मी ते सांगते. त्यात मला गैर वाटत नाही. पण कसं सांगतो, कुणाला सांगतो, इथं आपण घसरतो. अट असेल तर पहिल्या भेटीत सांगा, करारात लिहा, समोरचा माणूस ठरवेल. आपण काय करतो? एजंटकडून आधी आडनाव विचारून घेतो. आडनाव ऐकून "फ्लॅट गेला हो" म्हणतो, आणि तोच फ्लॅट पुढं महिनाभर रिकामा. हे खोटं बोलणं झालं. कितीतरी शाकाहारी, माळकरी, वारकरी माणसं निव्वळ आडनावावरून आपण दारातून परत पाठवली असतील. माळ घातलेल्या माणसाला अहिंसा आपण शिकवणार आहोत का?

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा बघताना "इथं महाराष्ट्रीयन चालत नाहीत" असं ऐकावं लागलं. तिनं व्हिडिओ टाकला, राज्यभर संताप उसळला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा नियम वैध ठरवला होता, त्याचा दाखला आपली माणसं लगेच देतात. अहो, कायद्यात बसलं म्हणून दारात आलेल्या माणसाचा अपमान करायचा? ज्या गावांनी आपल्या चार-चार पिढ्यांना दुकानाला जागा दिली, आपली उधारीची वही सांभाळून घेतली, त्या गावांच्या लेकरांना आपण पुण्यात आडनाव विचारायचं?

आणि एकट्या बायकांचं काय? नर्स, शिक्षिका, नवरा गेलेली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. "फॅमिलीलाच देतो" म्हणून आपण तिला परत पाठवतो. उद्या आपल्या नाती शिकायला, नोकरीला पुण्या-बंगळुरूला जाणार आहेत. त्यांना कोण घर देणार? तिथली मालकीणही आपल्यासारखीच बोलली तर?

बाजू फक्त भाडेकरूचीच घेते असं म्हणू नका. भाडं थकवणारे, परस्पर पोटभाडेकरू ठेवणारे, मुदत संपली तरी न हलणारे भाडेकरू असतात. पण त्यांच्याशी लढायला आपल्या हातात नोंदवलेला करार हवा. तो नसला की मग आपली माणसं पाण्याचा कॉक बंद करतात, वीज तोडतात, सामान जिन्यात ठेवतात. भाडेकरूचं पाणी-वीज तोडायला कायद्यात मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवा, पाणी गाळून पिणाऱ्या घरानं दुसऱ्याच्या लेकराचं पाणी बंद करावं?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचा करार होईल तेव्हा पाच गोष्टी करा. एक, करार स्वतः वाचून सही करा, नवऱ्यानं बोट दाखवलं तिथं नव्हे. दोन, खरं भाडं लिहा आणि करार नोंदवा. तीन, भाडं बँकेत घ्या, पावती द्या, मागितला तर पॅन द्या. चार, घर देताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो दोघांनी मिळून काढून ठेवा, आणि अनामतीचे पैसे वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा, दागिन्यात घालू नका. पाच, जेवणाखाण्याची अट असेल तर ती उघड सांगा आणि आडनाव विचारणं बंद करा.

घरातले पुरुष म्हणतील, "तुला यातलं काय कळतं?" त्यांना विचारा, सातबारावर, फ्लॅटच्या खरेदीखतावर नाव कुणाचं आहे? दंड झाला तर नोटीस कुणाच्या नावानं येईल?

पर्व संपलं की क्षमावाणीला आपण सगळ्यांना हात जोडून क्षमा मागतो, मोबाइलवर शंभर जणांना निरोप धाडतो. यंदा त्या यादीत आपल्या जुन्या भाडेकरूचं नाव घाला. आणि त्याची अनामत अडवली असेल तर निरोप नंतर पाठवा, आधी त्याच्या खात्यात पैसे पाठवा.